एक एअरगन, एक चिमणी आणि सलीम अली

शिकारीचे वेड लागलेल्या माणसाला पहिली बंदूक नेहमीच अपुरी वाटते. मनात वाघ असतो, आणि हातात येते ती पाखरांपलीकडे न जाणारी. मुंबईच्या खेतवाडीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वाढणाऱ्या एका पोरक्या मुलाची गत हीच होती. शिकारीची पुस्तके वाचून वाचून आपण पुढे मोठे शिकारी व्हायचे, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. मिळाली मात्र एक खेळण्यातली एअरगन. त्या एअरगनने त्याने एक चिमणी पाडली, आणि त्या चिमणीने त्याला पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे पक्ष्यांच्या मागे हिंडवले.

तो मुलगा म्हणजे सलीम अली. त्यांचे नाव आज पक्ष्यांच्या रक्षणाशी इतके जोडले गेले आहे की ते आयुष्याची बरीच वर्षे बंदूक घेऊन फिरले, हे सांगितले तर लोकांना खरे वाटत नाही. मी गंगापूरला राहतो. आमच्या तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते. कायगावच्या पुढे तिचे पाणी नाथसागराच्या फुगवट्याला मिळते आणि हिवाळ्यात तिथे दूरदेशचे पक्षी उतरतात. त्या काठावर सलीम अलींची दुर्बीण सगळ्यांनाच आठवते. मला त्यांची ती एअरगन आठवत राहते. ती त्यांच्या हाती कशी आली आणि तिने त्यांचे काय केले, हे नीट पाहिले तर पहिली बंदूक कशी निवडावी याचा एक धडाच मिळतो.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या भावंडांना आपल्या घरी वाढवले. अमीरुद्दीन यांना स्वतःला शिकारीची आवड होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या मोजक्या भारतीय सभासदांत त्यांचे नाव होते. ही सोसायटी १८८३ साली आठ जणांनी मिळून स्थापन केली. त्यांपैकी दोघे आपले मराठी डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. हे आपण सहसा विसरतो.

शिकारी मामाच्या घरातल्या भाच्याला बंदुकीची ओढ लागली नसती तरच नवल. शेजारपाजारची मुले मिळून नेमबाजीच्या स्पर्धा लावीत. त्यांत सलीमचा एक लांबचा भाऊ होता इस्कंदर मिर्झा. त्याचा नेम विशेष चांगला. हाच मुलगा पुढे पाकिस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. एकाच अंगणात नेम धरणाऱ्या पोरांच्या वाटा कुठवर फाकतात, पाहा!

आता त्या बंदुकीविषयी. मुलांच्या एअरगनचा जन्मच मुळी स्वस्ताईत झाला. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात प्लिमथ गावी पवनचक्क्या बनवणारा एक कारखाना होता. १८८० च्या दशकात त्याचा धंदा बसत चालला. तेव्हा पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला पत्र्याची एक छोटी एअरगन भेट द्यायची, अशी युक्ती मालकांनी काढली. थोड्याच दिवसांत लोक पवनचक्की सोडून बंदूकच मागू लागले. १८९५ साली कंपनीने नाव बदलून ‘डेझी’ घेतले आणि चक्क्या बनवण्याचा नाद सोडला. तेव्हापासून मध्यमवर्गीय घरातल्या मुलाची पहिली बंदूक म्हणजे एअरगन, हे समीकरण जगभर रूढ झाले.

ही बंदूक चालते कशी? आत एक स्प्रिंग असते. ती ताणून ठेवायची, घोडा ओढला की ती सुटते, हवा दाबली जाते आणि एक बारीकसा छरा नळीतून बाहेर पडतो. दारू नाही, काडतूस नाही, मोठा आवाज नाही. प्रत्येक बारानंतर पुन्हा स्प्रिंग ताणण्याची खटपट. जोरही बेताचाच. पन्नास-साठ हातांवरच्या पाखराला तिचा काही धाक नसतो. म्हणजे पाखरू मिळवायचे तर जवळ जावे लागते. जवळ जायचे तर ते कुठे बसते, केव्हा येते, कशाने बुजते हे कळावे लागते. हातात लांब पल्ल्याची रायफल असलेल्याला यातले काही शिकावे लागत नाही. मामांच्या घरी पैशाची अगदीच चणचण होती असे नाही, पण मुलाच्या हाती त्यांनी मुलाच्याच मापाची वस्तू पडू दिली. अनुभवी शिकाऱ्याची निवड म्हणतात ती ही.

त्या जवळ जाण्याने काय घडते, याचा दाखला सलीम अलींच्या बालपणातच आहे. १९०६-०७ च्या सुमाराला, म्हणजे दहा वर्षांच्या वयात, त्यांनी तबेल्यातल्या एका चिमणीच्या घरट्यावर पाळत ठेवली. मादी भोकात अंड्यांवर बसलेली, नर बाहेर खिळ्यावर पहारा करीत. सलीमने तिथे उभ्या असलेल्या गाडीच्या आडोशाने नर टिपला. काही वेळाने पाहतो तर मादीने दुसरा नर आणलेला, आणि तोही त्याच खिळ्यावर. तो टिपला, तर तिसरा हजर. सात दिवसांत असे आठ नर पडले. पोराने ते सगळे कागदावर लिहून ठेवले, आणि कित्येक दशकांनी ते टिपण जसेच्या तसे छापलेही गेले. पाखरे मारणारी पोरे तेव्हा गल्लोगल्ली होती. मारलेल्या पाखरांच्या जागी दुसरे कोण येते, याचा हिशेब ठेवणारा हा एकटा निघाला. आज ते वाचताना अंगावर काटा येतो, आणि तरीही त्या पोराच्या नजरेचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

मग १९०८ साली ती सुप्रसिद्ध चिमणी पडली. नेहमीच्या चिमणीसारखीच, पण गळ्यावर पिवळा ठिपका. ही कोणती, ते मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला सोसायटीच्या कचेरीत धाडले. मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड या साहेबासमोर तो बुजरा मुलगा कागदाची पुडी घेऊन उभा राहिला. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी होती. मग त्यांनी कपाटांचे खण उघडून दाखवले. त्यांत भारतभरातले पक्षी, कापूस भरून, ओळीने मांडलेले होते. प्रत्येकाच्या पायाला एक चिठ्ठी होती, कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी. मिलार्ड यांनी मुलाला वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्याचे कातडे काढून ते टिकवायचे कसे, हे शिकण्याचीही सोय लावून दिली. सलीम अलींनी १९८५ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले तेव्हा त्याच्या नावातही ती चिमणी आली. पुस्तकाचे नाव ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’.

येथून गोष्ट सरळ रेषेत पुढे गेली असे मात्र नाही. डोकेदुखीने हैराण झालेल्या सलीमला कोरड्या हवेसाठी सिंधमध्ये एका नातलगाकडे ठेवावे लागले. १९१३ साली मॅट्रिकची परीक्षा जेमतेम पार पडली. सेंट झेवियर्समधले पहिले वर्ष जड गेले. मग ब्रह्मदेशात तवॉय येथे घरच्या मंडळींचा टंगस्टनच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता, तो पाहायला ते गेले. तिथल्या जंगलात धंद्यापेक्षा भटकंती आणि शिकारच अधिक झाली. परत आल्यावर सकाळी दावर कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेब आणि मग झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या आग्रहावरून प्राणिशास्त्र, असा दुहेरी अभ्यास चालला. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना बेगम यांच्याशी विवाह झाला. विद्यापीठाची पदवी मात्र हाती नव्हती, म्हणून प्राणी सर्वेक्षण विभागातली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी लागली, पगार महिना ३५० रुपये. दोनच वर्षांत रजा काढून ते बर्लिनला प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० साली परतले तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झाली होती.

तेहतीस वर्षांचा, परदेशात शिकून आलेला बेकार माणूस. राहायला गेले ते अलिबागजवळ किहीमला. तिथे घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. त्या पावसाळ्यात सलीम अलींनी शिडीवर बैठक बांधली आणि दिवसचे दिवस ती घरटी पाहिली. सुगरण नर एक घरटे अर्धे विणतो. मादीला ते पसंत पडले की ती त्यात नांदू लागते. मग तो पठ्ठ्या दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एकामागून एक असे संसार थाटण्याची ही रीत सलीम अलींनी प्रथम उलगडून दाखवली. मला तबेल्यातला तो खिळा इथे आठवतो. दहाव्या वर्षी जोडीदार कसे बदलतात हे कळण्यासाठी आठ नर पडले होते. चौतिसाव्या वर्षी त्याच जातीचा प्रश्न त्यांनी बसून पाहण्याने सोडवला. बैठक मात्र एअरगनवाल्या पोराचीच होती. जवळ जा, गप्प बस, लिहून ठेव.

यानंतर बंदूक त्यांच्या हातून सुटली, असे समजू नये. १९३१ साली त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी हाती घेतली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता, गंगापूर तालुकाही. स्वतःला मेहनताना नको, मुक्कामाचा आणि पाहणीचा खर्च तेवढा निघावा, एवढीच त्यांची अट होती. अशा पाहणीत पक्षी गोळी घालून पाडावे लागत. हाती धरून मापे घेतल्याशिवाय दोन सारख्या जाती वेगळ्या करता येत नसत.

आणि इथे बंदुकीच्या निवडीचा मुद्दा पुन्हा येतो. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या चऱ्या असतात. त्यामुळे एकच गोळी गरगरत सरळ आणि लांब जाते. हरणाला ती ठीक, पण पाखराला लागली तर हाती पिसांचा चोथा येतो. काडतुसाच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते आणि ती एका बारात पुष्कळ छरे फेकते. बारा बोअर म्हणजे काय, याचे अनेकांना कुतूहल असते. त्या नळीत नेमक्या बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून बारा बोअर. पक्षी गोळा करणारे लोक शक्य तितक्या लहान बोअरची बंदूक आणि राईएवढे बारीक छरे वापरीत, कारण कातडे फाटले की सगळी मेहनत वाया. मोठी बंदूक म्हणजे चांगली बंदूक, हे गणित त्यांच्या धंद्यात चालतच नव्हते. खर्च पुढेच असे. कातडे सोलणारा माणूस, सोमल घातलेला साबण, कापूस, पेट्या, आणि ती चिठ्ठी.

त्याच काळात दुसऱ्या बाजूला काय चालले होते, तेही पाहण्यासारखे आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या दलदलीत व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. हा आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. तारीख पुन्हा वाचा. तो सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता! विलायतेतल्या नामवंत कारखान्यांच्या, हजारो रुपयांच्या बंदुका त्या दिवशी तापल्या असतील. त्या साऱ्या पक्ष्यांपासून शिकायला काय मिळाले? एक आकडा. सलीम अलींनी पाडलेल्या एका चिमणीने एक शास्त्रज्ञ घडवला. पुढे याच भरतपूरच्या रक्षणासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले. ती जागा १९८० च्या दशकात राष्ट्रीय उद्यान झाली.

पक्ष्याच्या पायाच्या चिठ्ठीचे मोल किती, याचा पुरावा सलीम अलींच्या मृत्यूनंतर मिळाला, आणि तोही आपल्या खानदेशात. १९३७ साली ते कर्नल रिचर्ड माइनर्ट्सहागेन या इंग्रज पक्षितज्ज्ञाबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. हा मोठा नावाजलेला माणूस. पण त्याने संग्रहालयांतून इतरांनी गोळा केलेले पक्षी चोरले होते आणि स्वतःच्या नावाच्या खोट्या चिठ्ठ्या त्यांच्या पायांना बांधल्या होत्या, हे १९९० च्या दशकात उघड झाले. रानपिंगळा या दुर्मिळ घुबडाचा त्याचा नमुना असाच चोरीचा. त्यावरचे ठिकाण गुजरातचे, तेही बनावट. सलीम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी डिलन रिप्ले यांनी १९७० च्या दशकात हा पिंगळा शोधला, त्यांना सापडला नाही. पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली, खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. जवळजवळ ११३ वर्षांनी! बंदुकीने पक्षी पाडता येतो. त्याचे खरे ठिकाण लिहायचे की खोटे, हे बंदूक ठरवीत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा मुलगा माझ्याकडे आला होता. वय असेल सोळा-सतरा. चार-पाच हजारांत चांगली एअरगन कोणती मिळेल, असे तो विचारीत होता. “काका, पुढं मोठी घ्यायचीच आहे, ही फक्त शिकायला,” म्हणाला. मी त्याला आधी जे सांगायचे ते सांगितले. खांद्याला बसते का पाहा, फार जड घेऊ नकोस, स्प्रिंग ताणायला तुझा हात पुरला पाहिजे, आणि निशाणा पुठ्ठ्यावर, मागे मातीचा बांध असेल तिथेच. मग विचारले, नेम कशावर धरणार? तो गप्प झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा जमाना संपवला. नाथसागराचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. काठावर टेकलेल्या बदकावर किंवा रोहितावर छरा सोडणे हा सरळ गुन्हा आहे, बंदूक खेळण्यातली असली तरी. मुलाला हे ठाऊक नव्हते असे नाही. आमच्याकडे बऱ्याच जणांना ते ठाऊक असते, आणि तरीही काठावर अधूनमधून छऱ्याने जखमी झालेले पाखरू सापडतेच.

सलीम अलींचे नाव घेऊन त्या मुलाला अहिंसेचे प्रवचन देता आले असते, पण ते प्रामाणिक झाले नसते. सलीम अली अहिंसेच्या भावनेतून संवर्धनाकडे आले नव्हते. मौजेखातर होणाऱ्या कत्तलीविरुद्ध त्यांची मते कडक होती, पण शास्त्रासाठी पक्षी मारण्याचे त्यांनी कधी लपवले नाही की त्याबद्दल गळा काढला नाही. म्हातारपणी त्यांना लोक हा प्रश्न वारंवार विचारीत. त्यांचे उत्तर व्यवहारी असे. ज्या पक्ष्यांची आपल्याला नीट माहितीच नाही, त्यांना वाचवणार कसे? मला स्वतःला हे उत्तर पुरते पटते असे नाही. तबेल्यातले ते आठ नर माझ्या मनातून जात नाहीत. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. प्रत्येक पाडलेल्या पक्ष्याचा हिशेब त्यांनी दिला. बंदूक हाती घेणाऱ्यांपैकी तो किती जण देतात?

शिवाय जमेल तिथे त्यांनी बंदुकीला पर्यायही शोधला. जर्मनीत असताना हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडे घालून सोडण्याची पद्धत त्यांनी पाहिली होती. १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने हे काम भारतात मोठ्या प्रमाणावर सुरू केले, आणि त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. जाळ्यात पक्षी धरायचा, वजन-मापे घ्यायची, पायात नंबराचे हलके कडे चढवायचे आणि सोडून द्यायचे. मेलेल्या पक्ष्याच्या पायाची चिठ्ठी आता उडत्या पक्ष्याच्या पायात गेली. मध्य आशियातून आलेली बदके किती हजार मैल तोडून येतात, हे त्या कड्यांनी कळू लागले.

१९४१ चे ‘बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’, १९६४ ते १९७४ या काळात रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ, १९५८ चे पद्मभूषण, १९७६ चे पद्मविभूषण, राज्यसभा, हे सारे सर्वांना माहीत आहे. गेटी पुरस्काराचे पन्नास हजार डॉलर आले, तेही त्यांनी पक्ष्यांच्याच कामाला लावले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदीत, ते गेले. छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळच्या जुन्या खिज्री तलावाला आज त्यांचे नाव आहे.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. तेव्हा नाथसागरावर पाहुणे पक्षी नुकते उतरू लागलेले असतात. घरात एखाद्या पोराला बंदुकीचे वेड असेल, तर त्या आठवड्यात त्याला पहाटे कायगावला न्यावे. हाती वही-पेन्सिल द्यावी आणि एअरगन पोहोचेल इतक्या अंतरावर पाखरू येऊ दे, असे सांगावे. तिथवर बिनआवाजाचे जाता आले, की शिकारीतले जे शिकण्यासारखे आहे ते त्याला आले. बाभळींच्या रांगेत चिमण्या दिसल्या तर गळ्याकडे नीट पाहावे. पिवळा ठिपका असलेली रानचिमणी आपल्या कोरड्या मुलखात अजून आहे.